ऋणाची खतावणी

शोधनिबंधाच्या अखेरीस बारीक टायपात छापलेली संदर्भसूची ही मुळात कर्जाची कबुली असते. कोणाची निरीक्षणे वापरली, कोणाचे समीकरण उसने घेतले, कोणाच्या चुकीवर बोट ठेवले आणि कोणाच्या वाटेने चार पावले चालून मग आपली वाट धरली, याची ती यादी असते. तीतल्या प्रत्येक नोंदीला संशोधक रोजच्या बोलण्यात ‘सायटेशन’ म्हणतात, मराठीत तिला संदर्भोल्लेख म्हणता येईल. नोंद करणारा ऋणको असतो आणि जिच्या नावे नोंद होते ती व्यक्ती धनको. मात्र गेल्या साठेक वर्षांत या साध्या व्यवहाराचा अर्थच पालटला आहे. जगभरच्या ऋणकोंनी आपापल्या वहीत केलेल्या नोंदी गोळा करून त्यांची बेरीज धनकोच्या मिळकतीचा दाखला म्हणून वाचली जाऊ लागली, आणि त्या दाखल्यावर नेमणुका, बढत्या, अनुदाने, इतकेच काय पण दुर्बिणीवर मिळणारा वेळही ठरू लागला. खगोलशास्त्र हा तुलनेने लहान, सुसंघटित आणि आपले सारे लेखन उघड्यावर ठेवणारा विषय असल्यामुळे या दाखल्यातले खरे-खोटे तेथे अधिक स्वच्छ दिसते.

संदर्भोल्लेखांची पद्धतशीर सूची काढण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात मांडली आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध करून ती प्रत्यक्षात आणली. कल्पनेचे मूळ मात्र वकिलांच्या कचेरीत होते. अमेरिकन वकील १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ ही सूची वापरत आले होते. जुन्या निवाड्याचा दाखला न्यायालयापुढे ठेवण्याआधी त्याचा पुढे कोणकोणत्या खटल्यांत उल्लेख झाला हे तीत पाहता येई, शिवाय पुढच्या न्यायालयाने तो निवाडा मानला, बाजूला ठेवला की साफ फिरवला, हेही अक्षरांच्या छोट्या खुणांनी कळे. गारफील्ड यांनी ही रचना विज्ञानात आणली खरी, पण त्या खुणा वाटेत गळाल्या. कोणी कोणाचा उल्लेख केला एवढे उरले; कोणत्या भावनेने केला ते उरले नाही. पुढच्या निम्म्याअधिक घोटाळ्यांचे बीज या गळतीत आहे, असे म्हणणे फारसे वावगे ठरू नये. शिवाय ही सूची मुख्यतः शोध सोपा करण्यासाठी होती: एका जुन्या निबंधाचे टोक हाती आले की त्यावरून पुढे काय घडत गेले ते उलगडावे. माणसे तोलण्याचा काटा तिच्यातून पुढे वापरणाऱ्यांनी बनवला.

खगोलशास्त्रज्ञांची स्वतःची खतावणी वेगळी आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथील स्मिथसोनियन वेधशाळेत नासाच्या पैशावर चालणारी आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेली ‘ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’, म्हणजे संशोधकांच्या तोंडची ‘एडीएस’, ही ती खतावणी होय. तीत प्रत्येक निबंधाला एकोणीस खणांची एक खूणगाठ असते. पहिल्या चार खणांत वर्ष, पुढच्या पाचांत नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, मग खंड, मग एका विशेष खुणेची जागा, मग पृष्ठ, आणि अगदी शेवटच्या एकाच खणात पहिल्या लेखकाच्या आडनावाचे आद्याक्षर. मधले रिकामे खण टिंबांनी भरलेले. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा श्वेत बटू ताऱ्यांच्या कमाल वस्तुमानावरचा निबंध शोधायचा तर १९३१, ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’, खंड ७४, पृष्ठ ८१ आणि शेवटी चंद्रशेखरांचे रोमन लिपीतले आद्याक्षर, इतके पुरते. तो निबंध अवघ्या दोन पानांचा आहे. ही खूणगाठ कारकुनी सोयीसाठी केलेली, तिच्यावर तत्त्वज्ञानाचे ओझे लादणे बरे नव्हे. तरीही शंभर जणांच्या कामाला शेवटी एकाच्या आडनावाचे एकच अक्षर मिळते, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एडीएसमध्ये एखाद्या संशोधकाचे नाव घातले की त्याच्या निबंधांच्या यादीबरोबर आकड्यांचा एक तक्ताही समोर येतो: एकूण निबंध, त्यांपैकी समीक्षित किती, एकूण संदर्भोल्लेख, वाचने, आणि निरनिराळे निर्देशांक. यांतला सर्वांत गाजलेला निर्देशांक कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक होय. संशोधकाचे निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने मांडावेत आणि ज्या क्रमांकापर्यंत उल्लेखांची संख्या क्रमांकाएवढी किंवा त्याहून अधिक राहते तो क्रमांक म्हणजे हा निर्देशांक. समजा, एकाच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ४ आणि १ असे उल्लेख मिळाले, तर त्याचा निर्देशांक ४. आणि दुसऱ्याने आयुष्यात दोनच निबंध लिहून त्यांना ९०० आणि ७०० उल्लेख मिळवले, तर त्याचा निर्देशांक २. एकाच गाजलेल्या निबंधाच्या जोरावर फुगणाऱ्या बेरजेला या मापाने आवर बसतो हे खरे, पण त्याच वेळी ते सातत्याला प्रतिभेच्या वर बसवते. शिवाय हा निर्देशांक वयाबरोबर फक्त वाढतो. संशोधकाने लिहिणे थांबवले, एवढेच नव्हे तर त्याचे निधन झाले, तरीही तो खाली येत नाही.

खगोलशास्त्रातले सर्वाधिक उल्लेखिले गेलेले निबंध कोणते, हे पाहू लागले की पहिला धक्का बसतो. तेथे नुसते महान शोध असतील अशी अपेक्षा असते, आणि शोध आहेतही: दूरच्या सुपरनोव्हांवरून विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे दाखवणारे १९९८ आणि १९९९ चे निबंध, ज्यांच्या प्रमुखांना २०११ चे नोबेल मिळाले, ते त्या यादीत आहेत. पण त्यांच्याच पंक्तीला डेव्हिड श्लेगेल, डग्लस फिंकबायनर आणि मार्क डेव्हिस यांचा १९९८ चा धुळीचा नकाशा बसलेला दिसतो. आपल्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत बारीक धूळ पसरलेली आहे आणि ती दूरून येणारा प्रकाश मंद व तांबूस करते. म्हणून आपल्या दीर्घिकेपलीकडच्या कोणत्याही वस्तूची खरी तेजस्विता काढायची तर आधी वाटेतली धूळ हिशेबातून वजा करावी लागते, आणि ती कोणत्या दिशेला किती, हे या तिघांनी आकाशभर मोजून दिले. त्या निबंधाच्या दहा हजारांहून अधिक उल्लेखांपैकी बहुतेक उल्लेख एका ओळीचे असतात: धुळीची दुरुस्ती अमुकांच्या नकाशावरून केली. आमटीतल्या मिठाची कोणी तारीफ करत नाही, पण मिठावाचून चालतही नाही.

मॉस्कोतील निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्याएव यांच्या १९७३ च्या निबंधाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कृष्णविवराभोवती वायूची तबकडी फिरते आणि तो वायू हळूहळू आत ओढला जातो, पण त्यासाठी वायूच्या थरांत जे घर्षण लागते ते नेमके कशामुळे निर्माण होते, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. या दोघांनी ते अज्ञान झाकले नाही. त्याला अल्फा या एका ग्रीक अक्षरात बांधले, त्या अक्षराची किंमत काहीही असली तरी तबकडी कशी चमकेल याचा हिशेब करून दाखवला, आणि पुढच्या पिढ्यांना काम करायला जागा मोकळी ठेवली. हाही निबंध दहा हजारांच्या वर गेला आहे. त्याचे मोठेपण त्या आकड्यावरून कळत नाही. आपल्या न कळण्याला इतके नीट, वापरता येण्याजोगे रूप देणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे निबंध वाचल्यावरच कळते. दोन्ही उदाहरणांत आकड्याने जे सांगितले ते खोटे नव्हे: उपयोग झाला, भरपूर झाला. उपयोग आणि थोरवी या दोन वस्तू आहेत, एवढेच आकड्याला सांगता येत नाही.

उलट दिशेने पाहिले तर चित्र आणखी मजेदार होते. मेघनाद साहा यांनी १९२० साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये सूर्याच्या वर्णावरणातील अणूंच्या आयनीभवनावर, म्हणजे उष्णतेने अणूतून इलेक्ट्रॉन सुटून जाण्यावर, जो निबंध लिहिला, त्यातल्या समीकरणाने ताऱ्यांच्या वर्णपटातील काळ्या रेषा वाचता येऊ लागल्या, त्याच किल्लीने सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजनाचे आणि हेलियमचे असल्याचे कुलूप उघडले. आज ताऱ्यांच्या वातावरणावर काम करणारा कोणीही साहांच्या समीकरणावाचून एक पाऊल टाकत नाही आणि साहांच्या निबंधाचा उल्लेखही सहसा करत नाही, कारण ते समीकरण आता पाठ्यपुस्तकाचे झाले आहे, पाठ्यपुस्तकातून संगणकाच्या आज्ञावलीत गेले आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नाव दिले आहे: कल्पना सर्वांच्या अंगी इतकी मुरते की तिचा मूळ धनी पुसला जातो. चंद्रशेखर-मर्यादेचेही तसेच, ती मर्यादा वापरणारे हजारो, १९३१ ची ती दोन पाने उघडणारे मोजके. भारतीय परंपरेत ऋषिऋण ज्या रीतीने फेडले जाते असे मानतात, म्हणजे अभ्यासून आणि पुढे शिकवून, त्या रीतीने साहांचे ऋण रोज फिटते आहे. पण खतावणीत त्याची नोंद पडत नाही, कारण खतावणीला फक्त लेखी उधारी कळते.

लेखी उधारीलाही भाषेची आणि काळाची अट असते. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली केशसंभार या दीर्घिकासमूहातील दीर्घिकांच्या वेगांवरून तेथे दिसणाऱ्या पदार्थापेक्षा कितीतरी अधिक अदृश्य पदार्थ असला पाहिजे, असे स्वित्झर्लंडमधील एका नियतकालिकात जर्मन भाषेत लिहिले. पुढची जवळजवळ चार दशके त्या निबंधाकडे कोणी फारसे फिरकले नाही, आणि १९७० च्या दशकात दीर्घिकांच्या परिभ्रमणाचे पुरावे साचू लागल्यावर मग सर्वांना तो एकदम आठवला. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये फ्रेंचमध्ये विश्वाच्या प्रसरणाचा नियम मांडला, १९३१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनला छापले गेले तेव्हा नेमका तोच भाग त्यातून गळला, आणि तो लमेत्र यांनी स्वतःच वगळला होता हे २०११ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून उघड झाले. हबल यांच्या जोडीने त्या नियमाला लमेत्र यांचेही नाव द्यावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २०१८ मध्ये केली. नव्वद वर्षांनी झालेली ही दुरुस्ती कोणत्याही निर्देशांकात मावणारी नाही.

उशिरा फळणाऱ्या कामाचे महाराष्ट्रातले उदाहरण पुण्याचे आहे. आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आयुका, स्थापन होऊन जेमतेम तीन वर्षे झाली असताना, १९९१ मध्ये, तेथील बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये गुरुत्वीय लहरी गोंगाटातून वेचून काढण्याच्या रीतीवर निबंध लिहिला. कल्पना अशी की, एकमेकांभोवती फिरत आत कोसळणाऱ्या दोन ताऱ्यांपासून येणाऱ्या लहरीचा आकार सिद्धान्तावरून आधीच काढता येतो. असे अनेक आकार नमुन्यादाखल तयार ठेवायचे आणि उपकरणातून येणाऱ्या अखंड खरखरीवर एकेक नमुना ठेवून कोणता बरोबर बसतो ते पाहायचे. किती नमुने लागतील, ते किती अंतराने ठेवावेत, याचा हिशेब त्या निबंधात होता. ज्या लहरी पकडण्यासाठी हे सारे करायचे त्या पकडणारे पुरेसे संवेदनक्षम उपकरण तेव्हा जगात कोठेच नव्हते. ती लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या उपकरणात पकडली गेली, निबंधानंतर चोवीस वर्षांनी, आणि तिची छाननी जुळत्या नमुन्यांच्या याच पद्धतीने झाली. आता त्याच जातीचे उपकरण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे. बढतीसाठी गेल्या पाच वर्षांतले उल्लेख मोजणाऱ्या समितीला असे काम कसे दिसेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

शेपर्ड यांच्या सूचीतून गळालेल्या त्या खुणांचा प्रश्नही येथेच येतो. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या उपकरणाच्या गटाने १७ मार्च २०१४ रोजी विश्वाच्या आरंभकाळातील गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचे जाहीर केले, जूनमध्ये निबंध छापून आला, आणि २०१५ च्या आरंभी प्लँक उपग्रहाच्या गटाबरोबर केलेल्या एकत्रित विश्लेषणात स्पष्ट झाले की त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच दीर्घिकेतील धुळीचा होता. पुन्हा धूळच. त्या निबंधाचे उल्लेख हजाराच्या पुढे गेले, आणि त्यांत आनंदाने केलेले, शंका घेणारे, खोडून काढणारे आणि ‘असे पुन्हा होऊ नये’ म्हणून केलेले, असे सगळे एकाच मापाने मोजले गेले. यात त्या गटाची अप्रतिष्ठा मुळीच नाही. निरीक्षण काळजीपूर्वक होते, अर्थ लावताना घाई झाली, आणि चूक दुरुस्त करण्याच्या कामात ते स्वतःच सहभागी झाले. पण वकिलांच्या सूचीत ‘फिरवला’ अशी खूण पडली असती, येथे फक्त बेरीज वाढली.

सामूहिक संशोधनाने या बेरजेची उरलीसुरली शिस्तही ढिली केली आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर लहरींतून आणि प्रकाशातूनही टिपली गेली, तेव्हा त्यावरच्या एका निबंधाला तीन हजारांहून अधिक लेखक होते. लायगो गटात नावे वर्णानुक्रमाने लावण्याची रीत असल्यामुळे कित्येक निबंधांची ओळख पहिल्या नावावरून, ‘ॲबट आणि इतर’ अशीच झाली आहे. या ‘इतर’ शब्दात हजारो माणसे राहतात. त्यांपैकी प्रत्येकाच्या तक्त्यात तो निबंध आणि त्याचे सगळे उल्लेख पूर्णांकाने जमा होतात, आणि एकट्याने टेबलाशी बसून सिद्धान्त रचणारा मनुष्य त्यांच्यापुढे कंगाल दिसतो. उल्लेखांना लेखकसंख्येने भागून वाटणी करण्याची सोय एडीएसमध्ये आहे, पण ती वाटणीही समान धरलेली असते. कोणी वर्षानुवर्षे आरसे घासले आणि कोणी नाव दिले, हे भागाकाराला कळत नाही. नावांचा क्रम हा पूर्वीही निष्पाप नव्हता. लघु मॅजेलन मेघातील पंचवीस रूपविकारी ताऱ्यांवरून हेन्रिएटा लेव्हिट यांनी काढलेला नियम १९१२ च्या ज्या परिपत्रकात आला त्याखाली सही त्यांच्या वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची होती. पल्सारच्या शोधाच्या १९६८ च्या निबंधात जॉसलिन बेल यांचे नाव पाच लेखकांत दुसरे होते आणि १९७४ च्या नोबेलमध्ये ते नव्हतेच.

नाव छापले जाऊनही हिशेब चुकतो तो वेगळ्या कारणाने. मराठी आडनावे थोडी आणि ती धारण करणारे पुष्कळ, त्यात आद्याक्षरांची इंग्रजी रीत. कुलकर्णी, जोशी, देशपांडे या आडनावांपुढे एकच आद्याक्षर घालून शोध घेतला की अनेक माणसांचे निबंध एका खात्यात येऊन पडतात. कुरुंदवाडला जन्मलेले आणि विद्यार्थिदशेतच १९८२ मध्ये पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या शोधात सहभागी झालेले श्रीनिवास कुलकर्णी जगाला ठाऊक आहेत, त्यांचे खाते कोणी चुकवणार नाही; चूक होते ती नवख्या कुलकर्ण्यांच्या बाबतीत. २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक संशोधकांना मिळू लागला तो याच घोळावर उपाय म्हणून.

नारायणगावजवळ खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. चौदा मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेल्या तारांच्या जाळीची तबकडी कल्पिली, त्यामुळे वाऱ्याचा भार घटला आणि खर्चही. या दुर्बिणीची माहिती देणारा त्यांचा १९९१ चा निबंध ‘करंट सायन्स’ या बंगळुरूच्या नियतकालिकात आला आणि सुधारित जीएमआरटीवरचा निबंध २०१७ मध्ये तेथेच. जगातल्या कोणत्याही खंडात बसून कोणी या दुर्बिणीची निरीक्षणे वापरली की बहुधा या दोहोंपैकी एकाचा उल्लेख करतो. एवढ्यावर दुर्बिणीचे संदर्भऋण संपते. ज्यांनी तबकडीची मोटर मध्यरात्री दुरुस्त केली, नियंत्रणकक्षात पाळीपाळीने रात्रपाळ्या केल्या, ग्राहकयंत्रातला बिघाड कोणत्या केबलीत आहे हे अनुभवाने ओळखले, त्यांच्यासाठी निबंधाच्या शेवटी ऋणनिर्देशाचे एक ठरलेले वाक्य असते: जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांमुळे ही निरीक्षणे शक्य झाली, त्यांचे आभार. मराठीने या परिच्छेदाला ‘ऋणनिर्देश’ हे नाव दिले आहे, आणि ते संदर्भसूचीपेक्षा अधिक खरे आहे. पण खतावणी ऋणनिर्देश मोजत नाही. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी यावर व्यवहारी तोडगा काढला. ‘ॲस्ट्रोपाय’ या मुक्त संचाच्या कर्त्यांनी २०१३ मध्ये त्यावर रीतसर निबंधच लिहिला, म्हणजे वापरणाऱ्याला उल्लेख करायला काहीतरी हाती असावे. मोटर दुरुस्त करणाऱ्याला असा निबंध लिहिता येत नाही.

एकदा आकडा महत्त्वाचा झाला की तो वाढवण्याच्या युक्त्याही येणारच. निबंध छापण्याआधी अर्काइव्ह या मुक्त भांडारात ठेवण्याची पद्धत पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केली. तेथील रोजच्या यादीत वरच्या क्रमांकावर आलेल्या खगोलशास्त्रीय निबंधांना पुढे अधिक उल्लेख मिळतात, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. कारण काही अंशी तरी एवढेच की वरचे नाव आधी वाचले जाते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे दोन वाजले की त्या दिवसाची यादी बंद होते आणि पुढची उघडते. तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेबारा. यादीच्या डोक्यावर जागा मिळवायची तर त्या मिनिटाला जागे राहून कळ दाबावी लागते. पैशाकडे पैसा जातो, ही म्हण येथेही खरी ठरते. मर्टन यांनी १९६८ मध्ये या वृत्तीला बायबलातील मत्तयाचे नाव दिले आणि डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७६ मध्ये तिचे गणित मांडले.

तरीही आकड्याला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. तो आला तेव्हा त्याची लढाई वशिल्याशी होती. विभागप्रमुखाची मर्जी, गुरूचे नाव, जात, ओळखपाळख यांवर नेमणुका होत असताना दूरच्या महाविद्यालयातल्या एखाद्या शिक्षकाला ‘माझे काम परदेशात वापरले जाते, ही पाहा यादी’ असे म्हणता येणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे आकडाच वशिला झाला, ही नंतरची कथा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी एपीआय ही गुणपद्धती आणली, गुणांसाठी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके बोकाळली, त्यांना चाप लावण्यासाठी २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी आली आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नये, असे सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये तयार झालेले घोषणापत्र सांगते. सह्या पुष्कळ झाल्या, सवय सुटलेली नाही. कारण सरळ आहे. पन्नास उमेदवारांचे आकडे अर्ध्या तासात पाहून होतात, पन्नास उमेदवारांचे प्रत्येकी तीन निबंध वाचायला महिना लागतो, आणि निवड-समितीला चहापाण्यासह एक दुपार दिलेली असते.

वाचण्याला पर्याय नाही हे मान्य केले, तर पुढचा प्रश्न कोणाचे नाव समोर ठेवून वाचायचे हा उरतो. हबल दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये प्रस्तावांवरची नावे झाकली. परीक्षकांना प्रस्तावक कळत नाही आणि प्रस्तावकांना परीक्षक, अशी ती पद्धत. त्याआधीच्या पंधराहून अधिक वर्षांत पुरुषांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांना यश किंचित अधिक मिळत आले होते. नावे झाकल्यावर त्या वर्षी प्रथमच स्त्रियांच्या प्रस्तावांचे यश किंचित वर गेले. या गोष्टीची एक जुनी, घरगुती आवृत्ती मराठीत घडून गेलेली आहे. आयुकाचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांचे नाव फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये मांडलेल्या गुरुत्वसिद्धान्तामुळे जगभर झाले होते, आणि महास्फोटाच्या विरोधातली त्यांची भूमिका अल्पमतातली असल्यामुळे त्यांच्या नावावरच्या उल्लेखांत सहमतीइतकेच खंडनही भरलेले आहे. त्यांच्या मराठी पुस्तकांचे वाचक तर त्या खात्यात धरलेलेच नाहीत. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा-स्पर्धेत त्यांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नावाचा प्रभाव पडू नये म्हणून आपली इंग्रजी आद्याक्षरे उलटी करून एक टोपणनाव घेतले. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले तेव्हा परीक्षकांपुढच्या कागदावर नाव होते नारायण विनायक जगताप.